आठवत नाही

"पासवर्ड आठवत नाही," असं अनिता म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला वाटलं, हे आपण नाही, आपल्या मागे उभं असलेलं कुणीतरी बोललं. ऑफिसच्या त्या लहानशा खोलीत तिच्या मागे कुणी नव्हतं; भिंत होती आणि भिंतीवर औषधांच्या वेळांचा फळा होता. समोर वृद्धनिवासाचे मालक बाजीराव बसले होते, त्यांच्या शेजारी बयाबाईंची मुलगी सारिका, आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून म्हाताऱ्यांच्या सेवेला असलेली हिरा उभी होती. स्क्रीनवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग उघडण्याच्या दोन चौकटी होत्या. पहिलीत तिने ॲडमिन असं टाइप केलं होतं. बोटं दुसऱ्या चौकटीसाठी निघालीच होती. डावी करंगळी खालच्या ओळीतल्या झेडवर टेकलीसुद्धा होती. तिथून तिने ती परत घेतली, तापल्या तव्यावरून घ्यावी तशी, आणि ते वाक्य बोलून टाकलं.

"आठवत न्हाई म्हंजे?" बाजीराव म्हणाले. "तुमीच तर उघडता की रोज."

"रोज नाही उघडत. मध्यंतरी बदलला होता मी. तोच आठवत नाहीये."

"बघा, जरा डोकं शांत करून बघा," बाजीराव म्हणाले, आणि तिघांनीही तिच्याकडे पाहत ती आठवण्याची वाट पाहिली. अनिताने डोळे मिटले, कपाळावर बोटं टेकवली. विसरलेला माणूस कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं; या घरात ती दिवसभर तेच पाहत असे. मिटल्या डोळ्यांपुढे पासवर्ड स्वच्छ लिहिलेला होता. आईचं नाव, झुंबर, आणि त्याला जोडून गावाचं, वराळे, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. तिने मान हलवली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि त्या लाल दिसत असतील का, एवढाच विचार तिच्या मनात होता.

परवा दुपारी बयाबाई व्हरांड्यात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. तळेगावला ऑपरेशन झालं, आता त्या शुद्धीवर होत्या, पण सारिकालाही ओळखत नव्हत्या. सारिका दवाखान्यातून सरळ इकडे आली होती. ती चिंचवडला बँकेत होती, हळू बोलणारी. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं असं अनिताला वाटत होतं. सारिकाला एवढंच बघायचं होतं, की आई कशी पडली आणि किती वेळ तशी पडून होती. बाजीरावांनी उत्तर आधीच काढून ठेवलं होतं. त्या दुपारी वरच्या मजल्यावर हिराची पाळी होती, आणि हिरा गच्चीवर चादरी काढत बसली होती. त्यांनी तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंही होतं. आज ती आली होती ती फक्त कॅमेऱ्यासाठी. "मी वर गेले तवा बयाबाई खाटंवर निजलेली व्हती," ती पहिल्यापासून म्हणत होती. "मला यायला लय वेळ बी न्हाई लागला. कॅमेऱ्यात बघा. मी खोटं बोलत आसंल तर त्यो सांगंल." आणि मग अनिताकडे वळून, "अनिताताई, तुमी दावा ना त्यास्नी."

कॅमेऱ्यात काय असेल ते अनिताला न बघता दिसत होतं. व्हरांडा, दुपारचं ऊन, पलीकडे धरणाचं पाणी. बयाबाई खाटेवरून उठून बाहेर आलेल्या, भिंतीला टेकून फरशीवर पाय पसरून बसलेल्या. त्या रोज कुठे ना कुठे अशा बसायच्याच. अनिता जेवून ऑफिसकडे चालली होती. ओढणीला ओढ बसली. खाली पाहिलं तर बयाबाईंच्या मुठीत टोक होतं. कुसगावला रस्त्याकडेला बयाबाईंनी निम्मं आयुष्य चहाचं हॉटेल चालवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायची सवय हॉटेल गेलं तरी हातातून गेली नव्हती. अनिताने ओढणी सोडवली. सोडवण्याची तिची एक पद्धत होती. म्हाताऱ्या माणसाची मूठ ओढून सुटत नाही, उलट घट्ट होते. करंगळीपासून सुरुवात करायची, एकेक बोट उलगडायचं, अंगठा शेवटी. हे तिला या नोकरीने शिकवलेलं नव्हतं. वराळ्याच्या घरी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ती पुण्यात नोकरीला होती, रविवारी यायची, आणि संध्याकाळी निघताना आई मनगट धरून ठेवायची. तेव्हा ती हे शिकली. करंगळी, मग तिच्या शेजारचं. आईला कळायचं. दुसऱ्या बोटापाशी ती स्वतःच मूठ सैल करायची आणि भिंतीकडे तोंड करायची, आणि अनिता बाहेर पडून फाट्यापर्यंत जवळजवळ पळत जायची, जणू गाडी चुकणार होती. गाडी कधी चुकली नाही. फाट्यावर तिला बराच वेळ उभं राहावं लागायचं.

आई गेल्यावर ती या निवासात व्यवस्थापक म्हणून आली तेव्हा वराळ्याची माणसं म्हणाली, पोरीने आईचं ऋण फेडायला हे काम धरलं. तिने ते नाकारलं नाही. तिलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या दुपारी ओढणी सोडवून ती ऑफिसात आली आणि दार लावून घेतलं. आत तिने काही केलं नाही. मोबाइलवर साड्यांचे फोटो बघत बसली. काही वेळाने बाहेर धप्पकन आवाज झाला. माकडं, असं तिला वाटलं. लोणावळ्यात कुठल्याही छपरावर ती उड्या मारत असतातच. वाटलं, की तिने तसं वाटून घेतलं, हे आता सांगता येत नव्हतं. मग एकदा कुणीतरी कण्हल्यासारखं झालं. या घरात कुणी ना कुणी कण्हतच असतं. मग हिराची किंकाळी आली आणि दार उघडून ती सगळ्यांच्या आधी धावली. बयाबाईंचं डोकं मांडीवर तिनेच घेतलं होतं. रुग्णवाहिकाही तिनेच बोलावली होती. "ताई व्हत्या म्हनून निभावलं," असं हिराच त्या संध्याकाळी सगळ्यांना सांगत होती.

बाजीरावांनी फोन लावला आणि लोणावळ्याच्या बाजारातून सोहेल आला. त्याचं तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. चष्मा लावलेला, तिशीचा, घाई नसलेला माणूस. तो टेबलाखाली वाकला, रेकॉर्डरचा काळा डबा बाहेर ओढला, त्याला कान लावला. "हा कंपनीचा बंद डबा नाहीये," तो म्हणाला. "तुमच्याकडे आधी जे कुणी कॅमेरे बसवून गेलं, त्यांनी साध्या मशीनवर लिनक्स टाकून घरीच बनवलाय. म्हणून जमेल. पासवर्ड काढता नाही येणार, पण नवा टाकता येईल."

"काढता येणार नाही?" अनिताने विचारलं.

"नाही मॅडम. जुना पासवर्ड काय होता ते या मशीनलासुद्धा माहीत नसतं. त्याची फक्त खूण ठेवलेली असते. तुम्ही टाकलेला त्या खुणेशी जुळतो का, तेवढं ते बघतं. पासवर्ड फक्त तुमच्या डोक्यात."

तिला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची किळस आली. म्हणजे आईचं नाव उघडं पडणार नव्हतं. रेकॉर्डिंग मात्र पडणार होतं. तिने स्वतःलाच विचारलं, मग आठवत नाही असं म्हणून काय मिळवलं मी? एखादा तास. रेकॉर्डरमध्ये जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं हे तिला माहीत होतं. दोन-चार दिवस तसेच गेले असते तर प्रश्नच मिटला असता. सोहेल इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. म्हणजे तिने विचार केला होता. ते वाक्य मागच्या भिंतीतून आलेलं नव्हतं.

सोहेलने मॉनिटर आणि कीबोर्ड थेट डब्याला जोडले. मग तो थांबला. "एक अडचण आहे," तो बाजीरावांना म्हणाला. "नवा पासवर्ड टाकायला मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागेल आणि चालू होताना मधेच शिरावं लागेल. पासवर्ड असता तर आतूनच नीट बंद केलं असतं. तो नाही, बटणही मोडलंय, म्हणून वायर काढूनच बंद करायला लागणार. डिस्क जुनी आहे. ऐका, टकटक वाजतेय. झटका बसला तर कदाचित परत उठणारच नाही. मग सगळं रेकॉर्डिंग गेलं."

खोलीत ती टकटक ऐकू येऊ लागली. आधीही होती, पण आता तेवढीच होती.

"गेलं तर गेलं," बाजीराव म्हणाले. "तसंबी काय निघनार हाय त्यातनं? कोन व्हतं पाळीला ते म्हाईतच हाय."

"न्हाई, न्हाई भाऊ, तसं नका करू," हिरा चौकट सोडून आत आली. "त्यातच माजं सगळं हाय. त्ये गेलं तर मी कुनाला दावू?" ती अनिताच्या खुर्चीजवळ आली, खाली वाकली. तिच्या पदराला उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास होता. "ताई, बघा ना वाईच आठवून. कुनाचं नाव आसंल. लोकं पोरांची नावं टाकत्यात, देवाचं टाकत्यात. तुमच्या घरचं कुनाचं टाकलंय का?"

अनिताने तिच्याकडे पाहिलं. हिराचे डोळे अगदी जवळ होते आणि त्यांत शंकेचा मागमूस नव्हता. ती अनिताला आठवायला मदत करत होती. बयाबाईंना औषध घेतलं का ते आठवायला करायची तशीच, तितक्याच सबुरीने. एक शब्द. आता म्हटलं, हो गं, थांब, आईचं नाव असेल, तर सगळ्यांना आनंद झाला असता. कुणी काही म्हणालं नसतं. विसरणं आणि आठवणं दोन्ही खरं ठरलं असतं. तोंड उघडलं तेव्हा तिला खरंच वाटत होतं की आपण तेच म्हणणार आहोत.

"नाही गं आठवत," ती म्हणाली. आणि सोहेलकडे वळून, "काढा वायर."

त्याने वायर काढली. पंख्याची घरघर बसत गेली आणि टकटक थांबली. त्या शांततेत, डिस्क मरो, असं तिने मागितलं. कुणाकडे ते ठाऊक नाही, पण मागितलं, पूर्ण मनाने. आईसाठीही तिने इतक्या मनापासून कधी काही मागितलं नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. सारिका खिडकीतून धरणाकडे बघत होती आणि तिच्या ब्लाउजच्या पाठीवर दवाखान्यातल्या जागरणाच्या सुरकुत्या होत्या. सोहेलने वायर पुन्हा लावली.

डिस्क उठली. स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागायच्या आत सोहेलने एक कळ दाबून धरली, यादीसारखं काहीतरी आलं, त्यातली एक ओळ त्याने उघडली, तिच्या शेवटी चार शब्द जोडले आणि पुढे जाऊ दिलं. आता काळ्या पडद्यावर फक्त एक खूण लुकलुकत होती. "झालं," तो म्हणाला. "आता हे मशीन कुणाला काही विचारत नाही. मीच मालक." त्याने दोन-तीन ओळी लिहिल्या आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "मॅडम, नवा पासवर्ड टाका. दोनदा विचारेल. टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. घाबरू नका, टाकत राहा."

तिने बोटं ठेवली. नवा काय टाकायचा याचा ती विचार करत होती. हिराचं नाव टाकावं असंही क्षणभर मनात आलं आणि त्या नाटकीपणाचा राग आला. पडद्यावर काही उमटत नव्हतं, काळोखात टाइप केल्यासारखं होतं, आणि ती विचार करत असतानाच बोटं चालून गेली होती. करंगळी झेडवर, मग पुढचं, मग पुढचं, ठेक्यात, न अडखळता, आणि एंटर. पुन्हा विचारलं. पुन्हा तीच लय. एंटर. तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय टाकलं.

"जुळला," सोहेल म्हणाला. तो स्क्रीनकडे बघत नव्हता, तिच्या हातांकडे बघत होता. मग त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि मशीन चालू करण्याच्या कामाला लागला. त्यानंतर तो तिच्याशी एकदाच बोलला, बाजीरावांकडून पैसे घेताना: "पुढच्या वेळी आठवला तर आधीच सांगा मॅडम. डिस्कला असे झटके बरे नाहीत." बाजीराव हसले. अनितानेही हसण्याचा आकार तोंडाला दिला.

चित्रण सगळ्यांनी मिळून बघितलं. हिरा गच्चीकडे जाताना दिसली, बयाबाई तेव्हा खाटेवरच होत्या. उघड्या दारातून त्यांचे पाय दिसत होते. "बगा," हिरा म्हणाली, "बगा, म्हनलं व्हतं का न्हाई," आणि रडायला लागली, सुटल्याचं रडणं. त्यामुळे पुढचं तिने नीट पाहिलं नाही. पुढचं सारिकाने पाहिलं. बयाबाई बाहेर आल्या, बसल्या. अनिता आली. अनिताला आठवत होतं की आपण तिथे थांबलो होतो, खाली वाकलो होतो, क्षणभर का होईना त्यांच्याकडे पाहिलं होतं. पडद्यावरची बाई थांबली नव्हती. ती चालता चालता कमरेतून वाकली, चेहरा समोर दाराकडेच होता, आणि तिच्या हातांनी ते काम केलं, शेंगा सोलाव्यात तसं. मग ती चौकटीतून निघून गेली. बयाबाईंचा हात तसाच वर राहिला होता. बऱ्याच वेळाने त्या भिंतीला धरून उठू लागल्या, आणि पडल्या. ऑफिसचं दार चित्राच्या कडेला दिसत होतं. ते उघडलं नाही.

मग सारिकाने विचारलं, "आवाज नसतो का यात?"

"नाही," सोहेल तेव्हा अजून तिथेच होता, त्याने सांगितलं.

"तिचं तोंड हलतंय," सारिका म्हणाली. तिने अनिताकडे पाहिलं. त्या नजरेत राग यायला अजून वेळ होता. आधी तिला हे हवं होतं. "काय म्हणत होती आई?"

ते आता फक्त अनिताकडे होतं. "बस जरा, म्हणाल्या," तिने सांगितलं. "बस जरा, च्या टाकते."

सारिकाने मान हलवली, एकदा, खालच्या आवाजात कुणी काही नीट समजावून सांगितल्यावर हलवावी तशी. ती उठली, पर्स घेतली. दारापाशी तिने हिराच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती जिना उतरून गेली. तिची गाडी उतारावरून वळून जाईपर्यंत अनिता ऐकत राहिली.

बाजीराव घसा खाकरत राहिले. "आता काय बोलनार," ते शेवटी म्हणाले. "मानूस हाय. व्हतं आसं. तुमी काय मुद्दाम केलं न्हाई मॅडम. मी सारिकाताईंशी बोलतो, दवाखान्याचं आपन बघू." आणि हिराला, "चल गं, लाग कामाला. शालूबाईचं पाठीचं बघायचं राहिलंय सकाळपासनं." एवढंच. परवा ज्या गोष्टीसाठी हिराला घरी बसवलं होतं तीच आता माणसाच्या हातून होते अशी होऊन गेली होती. अनिता वाट बघत होती, तिलाही कुणीतरी उद्यापासून येऊ नका म्हणेल म्हणून. बाजीराव मोटारसायकलची किल्ली शोधत होते.

ती ऑफिसातून बाहेर पडली. शालूबाईंच्या खोलीबाहेर हिरा बादलीत फडकं पिळत होती. शालूबाई पाठीवर झोपून असायच्या. दर थोड्या वेळाने त्यांना कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा व्हायच्या. अनिताला पाहून हिरा उठून उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा होता.

"ताई, लय मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "मी बी जाते कदी कदी तशीच. दिसभर हाका मारत्यात, किती वेळा बसनार मानूस? बयाबाईचा हात मी बी सोडवलाय. तुमच्या टायमाला ती पडली, माज्या टायमाला न्हाई पडली, एवडंच."

हे घेऊन गप्प राहता आलं असतं. हिराने ते स्वतःहून दिलं होतं, तिच्यापाशी होतं त्यातून. अनिताने भिंतीला हात टेकवला.

"हिरा, मला पासवर्ड आठवत होता."

हिराला पटकन समजलं नाही. "आं? मंग आठवला का आता?"

"आता नाही. सगळा वेळ. तू विचारलंस ना, घरचं कुणाचं नाव आहे का? आईचं आहे. तेव्हाही आठवत होतं."

हिराच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. ती अनिताकडे बघत राहिली, आणि तिला हळूहळू कळत गेलं, पायरी पायरीने: वायर, टकटक, गेलं तर गेलं. तिने फडकं बादलीत टाकलं.

"बयाबाईला टाकून गेलात त्ये मला कळतंय," ती म्हणाली. "तिच्याकडं तुमी बगितलंच न्हाई. पर माज्याकडं बगत व्हता की तुमी. मी हितं, तुमच्या तोंडापुडं. आन माज्याकडं बगून म्हनलात, न्हाई आठवत."

माफ कर हे शब्द अनितापाशी होते, तयार होते. पण ते आता कुठल्या तोंडाने म्हणायचे, आणि म्हटले तर हिराला त्यांचं काहीतरी करावं लागलं असतं, घ्यावे तरी लागले असते किंवा परत तरी करावे लागले असते. ते कामही तिच्यावर कशाला. खोलीतून शालूबाईंनी हाक मारली, कुणालाच उद्देशून नसलेली, नुसती हाक.

हिरा आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, सपाट, कामाचा. "या. एकटीला न्हाई जमायची ही."

अनिता आत गेली आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. शालूबाईंचं अंग जड होतं, ऊन लागून कोमट झालेलं. "हाताला नका धरू," हिरा म्हणाली. "खांद्याखाली घाला हात. आजून खाली." दोघींनी मिळून त्यांना भिंतीकडे वळवलं. पाठीवर लाल चट्टा उठला होता. हिराने पावडरचा डबा पुढे केला, अनिताकडे न बघता, आणि अनिता ती पाठ चोळत राहिली, हिरा आता पुरे म्हणेल म्हणून वाट बघत. हिरा पुरे म्हणाली नाही. तिने बादली उचलली आणि ती पुढच्या खोलीत गेली.